चौसष्ट टाके

मास्तरांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते. गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल घेऊन वावरणाऱ्या माणसाला लोक मास्तरच म्हणतात, आणि मास्तरांची बायको म्हणून तीही आपोआप मास्तरीणबाई झाली होती. तिने खरं तर तीस वर्षं टपालकचेरीत उभ्याउभ्या पत्रं निवडली होती, एकेका गल्लीचं पत्र एकेका कप्प्यात. पण एकदा नाव चिकटलं की माणूस काय करतो हे कुणी विचारत नाही.

मास्तरांचा लौकिक एकाच गोष्टीचा होता. त्यांचा कपडा कुणाला कधी काचला नाही. दुसरे शिंपी अंगाबरोबर बेतायचे, मास्तर ऐसपैस बेतायचे. छाती छत्तीस भरली की कागदावर चाळीस लिहायचे. "माणूस श्वास घेतो, वाकतो, पोटभर जेवतो," ते सांगायचे. "कपड्याने त्याच्या आड येऊ नये." गिऱ्हाईक आरशासमोर हात वरखाली करून "छान बसलाय हो" म्हणायचं आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे. स्वतःच्या कामाची इतकी खात्री असलेल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. पण मास्तरीणबाईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याने काहीही शिवून आणलं की त्या अंगात घालायच्या, एकदा गोल वळून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "छान."

खांदा दुखायला लागला तेव्हा मास्तरांनी दुकान बंद केलं. शिलाई मशीन घरात खिडकीखाली आलं आणि त्याच्यावर कुंड्या बसल्या. मास्तरीणबाईही निवृत्त झाल्या होत्या. त्यांना एकच नाद होता, चालण्याचा. रोज दुपारी चार वाजता त्या निघायच्या. गल्लीच्या तोंडाशी पावाची भट्टी होती, तिथून पुढे नदीचा पूल. पुलाच्या मधोमध उभं राहून पाणी बघायचं आणि परत यायचं. "तीस वर्षं एका जागी उभी होते," त्या म्हणायच्या. "आता चालू द्या की."

साखरेचा आजार त्यांच्याकडे बरीच वर्षं मुक्कामाला होता. त्याने पावलांतली जाणीव हळूहळू काढून घेतली होती, इतकी हळू की त्यांनाही कधी गेली ते सांगता आलं नसतं. ते कळलं फरशीवरून. एका सकाळी मास्तरांना स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल ठिपका दिसला, मग दुसरा, मग तिसरा. ठिपक्यांच्या मागोमाग गेले तर शेवटी मास्तरीणबाई चहा गाळत उभ्या. करंगळीला जखम, आणि त्यांना पत्ता नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं असं आपण म्हणतो. इथे जिचं जळत होतं तिलाच कळत नव्हतं.

दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरने त्यांचा विकतचा मोजा उलटा केला आणि बोटांपाशी आडवी गेलेली जाड शिवण दाखवली. "काकू, ही शिवण मला टोचली तर मी मोजा फिरवून घेईन. तुमची करंगळी बोलतच नाही. बिनशिवणीचे मोजे मिळाले तर बघा. मऊ, आणि कुठे चुणी पडणार नाही असे."

ती जखम तीन आठवड्यांत भरली. पण बिनशिवणीचा मोजा काही मिळेना. मास्तरांनी चार दुकानांतले झाडून सगळे मोजे उलटे करून बघितले. चौथ्या दुकानातल्या माणसाने तर शेवटी विचारलं, "आजोबा, तुम्हाला मोजे हवेत की त्यांची झडती?" मास्तर तडक घरी आले आणि म्हणाले, "मी विणतो."

"तुम्ही?" मास्तरीणबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "तुम्ही कधी विणलंय?"

"सुई ती सुई," मास्तर म्हणाले.

चौकातल्या लोकरवाल्या बाईंचं दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जावं इतकं अरुंद, आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोकरीच्या लडी. बाई बोलताना विणायच्या आणि विणताना हाताकडे बघायच्या नाहीत. मास्तरांनी वीसेक वर्षांपूर्वी त्यांना एक कोट शिवून दिला होता, त्यामुळे ओळख होती. त्यांनी मास्तरांना दोन सकाळी समोर बसवून शिकवलं. टाके चार सुयांवर सारखे वाटायचे आणि पाचवीने विणत जायचं, म्हणजे वीण गोल फिरते आणि शिवणीचा प्रश्नच येत नाही. वरच्या पट्टीला दोन सुलट, दोन उलट. टाच आली की निम्मे टाके न विणता सुईवर झोपवून ठेवायचे आणि उरलेल्या निम्म्यांवर टाचेचा पडदा विणायचा. मग मधल्या टाक्यांवर पुढे-मागे करत वळण घ्यायचं.

"आता मापाचं सांगते," बाई म्हणाल्या. "हे नीट ऐका, नवशिके सगळे इथेच..."

मास्तरांनी तळहात वर केला. "बाई, विणायला शिकवलंत, उपकार झाले. माप तेवढं मला शिकवू नका."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढची ओळ विणायला घेतली.

घरी येऊन मास्तरांनी बायकोचं पाऊल मांडीवर घेतलं आणि टेप लावली. बोटांच्या मुळाशी घेर भरला नऊ इंच. संध्याकाळी तिचे पाय सुजतात, म्हणून त्यांनी अर्धा इंच जास्त धरला. त्यांच्या हिशोबाने हा अर्धा इंच म्हणजे कंजूषपणाच होता. इंचाला आठ टाके, म्हणजे शहात्तर.

पहिला आठवडा त्यांनी फक्त टाके सांडले. सुई निसटायची आणि एक टाका खाली धावत सुटायचा, त्याच्यामागे सगळी ओळ. मास्तर सुईला बोलायचे, लोकरीला बोलायचे, खिडकीतल्या उजेडाला बोलायचे. नाचता येईना अंगण वाकडं. पण हात शेवटी कारागिराचे होते. तिसऱ्या आठवड्यात टाच वळली. सपाट विणीतून एकाएकी वाटीसारखा खोलगट भाग तयार झाला, आणि मास्तर तो घेऊन स्वयंपाकघरात धावले. "बघ, बघ! कात्री नाही, शिवण नाही, आणि टाच!" मास्तरीणबाईंनी त्यांना इतकं खूश बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

महिन्याभराने राखाडी मोज्यांची जोडी तयार झाली. मास्तरीणबाईंनी मोजे चढवले, खोलीत एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "छान."

त्या दुपारी दोघं मिळून पुलापर्यंत गेले. वाटेत भेटेल त्याला मास्तर मोजे दाखवत होते. लोक भररस्त्यात दुसऱ्याच्या बायकोच्या घोट्याकडे बघायला संकोचतात, याचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मोजा काढला तेव्हा डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाखाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक खोल रेघ उमटलेली होती. रेघेवर, अंगठ्याखाली, मोठा फोड आला होता आणि फुटला होता. मोज्याचा तळ तिथे ओला होता. मास्तर मोजा हातात धरून नुसते बघत राहिले.

या वेळी डॉक्टरांनी चेहरा हसरा ठेवला नाही. "वरवरची आहे तोवर भरेल. हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथेच थांबेल असं मी सांगू शकत नाही. चालणं बंद. घरातल्या घरात लागेल तेवढंच, तेही टाचेवर." पुलाचं नाव काढायचीही सोय राहिली नाही. मास्तरीणबाई परतताना गाडीच्या खिडकीतून पुलाकडे बघत होत्या, आणि मास्तर बायकोच्या पायावरच्या बँडेजकडे. आपण केलं. आपल्या या हातांनी केलं. एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

घरी येऊन त्यांनी राखाडी मोजा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मोजा सैल होता. बुटात पाय सरकला की जास्तीची वीण तळव्याखाली गोळा व्हायची, आणि त्या चुणीवर बाईमाणूस पूल गाठून परत आलं होतं.

"तुला कळलं नाही ते ठीक," मास्तर म्हणाले. "पण चढवताना दिसलंही नाही? केवढी पिशवी झालीय बोटांपाशी!"

मास्तरीणबाई बँडेजची सुटलेली कड खोचत राहिल्या.

"अगं, मी विचारतोय."

"दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "जास्तीचं होतं ते बोटांखाली दुमडून घेतलं."

"आणि मला छान म्हणालीस?"

"महिनाभर डोळे फोडून विणलंत. टाच वळली तेव्हा कसे धावत आला होतात! काय सांगू, पोतं झालंय म्हणून?"

"सांगायचं! पोतं झालंय तर पोतं म्हणायचं!"

"चाळीस वर्षांत कधी म्हटलंय का, तर आता म्हणेन?" त्या बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांनी ओठ मिटले. पण बाण सुटला होता.

मास्तर उठले. कपाट उघडून त्यांनी निळा कोट बाहेर काढला. मास्तरीणबाई टपालकचेरीत लागल्या तेव्हा त्यांनी तो शिवला होता, आणि त्यांच्या मते ते त्यांचं सर्वांत सरस काम होतं. तो त्यांनी खिडकीपाशी नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा अस्तराच्या बाजूने बघितला. खांदे बोटभर आत घेतले होते. बाह्या उसवून चढवल्या होत्या. कमरेत दोन्हीकडून धरलं होतं. सगळं हाताने, आणि टाके इतके बारीक की शिंप्याच्या घरात चाळीस वर्षं कुणाच्या नजरेला पडले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"सगळेच कपडे?" त्यांनी विचारलं.

"सगळे नाही," मास्तरीणबाई खाली बघत म्हणाल्या. "रुमाल ठेवले तसेच."

मास्तरांना राग आला, आणि रागाच्या खाली लाज वाटली. ती रागापेक्षा जास्त होती. ते दुकानात दुसऱ्यांचे खांदे मोजत असताना ही इथे बसून त्यांचं काम उसवत होती, पुन्हा शिवत होती, आणि ते घरी आले की वळून दाखवत होती. ती खोटं बोलली म्हणावं, तर ते त्यांच्याच आनंदासाठी होतं. तिने सांगितलं नाही म्हणावं, तर त्यांनी कधी विचारलं होतं? "छान ना?" एवढंच ते विचारायचे, आणि त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

दुसऱ्या दिवशी ते लोकरवाल्या बाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "तुमचा तो कोट. खरं सांगा, कसा झाला होता?"

बाईंच्या सुया पहिल्यांदाच थांबल्या. "खरं सांगू? आत दोन स्वेटर घालून वापरला. लोकांना वाटायचं, बाई स्वतःची लोकर किती वापरते! धंद्याला बरंच झालं ते."

मास्तरांनी मान हलवली. "आता मापाचं सांगा. मी मधे बोलणार नाही."

"मोजा पायापेक्षा लहान हवा."

मास्तर मधे बोललेच. "अहो, पण अंगापेक्षा कमी बेतलं तर..."

"ते कापडाचं. कापड ताणत नाही, म्हणून त्यात जागा ठेवायची. वीण ताणते. ती थोडी ताणलेली असेल तरच पायाला धरून राहते, नाहीतर लोळते. तुम्ही मोजा विणलाच नाहीत मास्तर, पायाला कोट शिवलात." बाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. घेर इंचभर कमी धरायचा, लांबी पावलापेक्षा अर्धा इंच कमी. माप संध्याकाळी घ्यायचं, सूज असते तेव्हा, आणि उभं करून, कारण उभं राहिलं की पाऊल पसरतं. आधी तळहाताएवढा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच इंचाला किती टाके बसतात ते मोजायचं. "आणि काकूंच्या पोटरीवर पट्टी घट्ट नको. तिथे दोन बोटं सहज आत जायला हवीत, नाहीतर तिथेच रक्त अडेल."

मास्तरांनी राखाडी जोडी उसवली. त्याच लोकरीचा तुकडा विणून धुतला. इंचाला आठच टाके आले. संध्याकाळी उजवं पाऊल उभं करून मोजलं, नऊ इंच भरलं. नऊ इंचांतून एक गेला, आठ राहिले. आठी आठे चौसष्ट. चाळीस वर्षं वाढवत आलेल्या माणसाला ते बारा टाके सोडताना हात जड झाला.

डावा पाय बँडेजमध्ये होता, म्हणून आधी उजव्याचा मोजा. पण विणून झाल्यावर खरी पंचाईत पुढे आली. बसला की नाही, हे सांगणार कोण? आयुष्यभर ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत आले होते. इथे पाऊल मुकं होतं, आणि तोंडावर भरवसा ठेवायचा तर चाळीस वर्षांचा अनुभव समोर लटकत होता.

दोन दिवस ते त्या पावलाकडे बघत बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की पाऊल मुकं असलं तरी कातडी सगळं सांगते. मोजा पंधरा मिनिटं घालून ठेवायचा आणि काढून लगेच उजेडात बघायचं. विणीचे बारीक दाणे सगळीकडे हलके आणि सारखे उमटले असतील तर बसला. कुठे कातडी कोरी राहिली तर तिथे सैल. रेघ दिसली तर चुणी. लाल कडं उमटलं आणि पाच मिनिटांत गेलं नाही तर घट्ट. मास्तरांनी उजवा मोजा तीनदा विणला आणि तीनदा उसवला. चौथ्या वेळी दाणे सारखे उमटले.

त्यांनी घरात एक नियमही केला. "छान" हा शब्द बंद.

"मग काय म्हणू?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"जे असेल ते. कुठे, आणि किती."

त्यांनी बायकोच्या हातात एक हातआरसा दिला, म्हणजे तिला स्वतःचा तळवा बघता येईल. सुरुवातीला मास्तरीणबाई आरशात बघायच्या, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या, आणि "बरा आहे" म्हणून वेळ मारून न्यायच्या. चाळीस वर्षांची सवय अशी चार दिवसांत जात नाही. मास्तरही काही संत झाले नव्हते. विचारताना त्यांची भुवई वर जायची, आणि ती भुवई "छान ना?" असंच विचारायची.

दहा आठवडे लागले. सिस्टरने शेवटची पट्टी सोडली, अंगठ्याखाली दाबून बघितलं आणि म्हणाली, "बंद झाली काकू. पूर्ण बंद. चाला आता, पण आधी भट्टीपर्यंतच. आणि मोजा नीट असेल तरच." मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे डोळे पुसले. अंगठा जागेवर होता. त्यांनी तो वर करून दोघांना दाखवला.

मग मास्तरांना दम निघेना. उजवा मोजा तर तयारच होता. डावा त्यांनी पाच दिवसांत विणून काढला, त्याच चौसष्ट टाक्यांवर, त्याच ओळींवर. सहाव्या दिवशी दुपारी शेवटचे टाके एकात एक घालून बोटं बिनशिवणीची बंद केली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. भट्टीतल्या पावाचा वास खिडकीतून आत येत होता. दाराशी मास्तरीणबाईंचे बूट पुसून ठेवले होते, आणि त्या निळा कोट घालून चारला दहा मिनिटं कमी असल्यापासून खुर्चीवर बसून होत्या.

मास्तरांनी मोजा चढवला. पंधरा मिनिटं थांबले. काढून बघितलं. तळव्यावर दाणे सारखे होते, रेघ कुठेच नव्हती. "चला!" ते म्हणाले. त्यांनी मोजा पुन्हा चढवला आणि बूट घ्यायला वळले.

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला होता. टाचेमागची वीण त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरली, आणि ती चिमटीत आली. मग त्यांनी उजव्या टाचेवर तसंच करून बघितलं. तिथे चिमूट भरेना.

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही पावलं हातात घेतली. मग त्यांना दिसलं. दहा आठवडे जमिनीवर पुरता न टेकलेला डावा पाय उजव्याहून बारीक झाला होता. माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात, हे गिऱ्हाइकांना ऐकवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांनी डाव्या पायाचं माप घेतलंच नव्हतं. उजव्यावरून धरलं होतं.

"एवढंसंच आहे," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना केविलवाणा वाटला. "भट्टीपर्यंतच जायचंय. हळू जाऊ."

मास्तरीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. उन्हाकडे बघितलं, दारातल्या बुटांकडे बघितलं. त्यांचा चेहरा एखाद्या हट्टी मुलीसारखा झाला, आणि मास्तरांना वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, छान आहे, चला. त्यांच्या मनात काय होतं ते खोटं कशाला सांगा, त्यांनाही क्षणभर तेच ऐकायचं होतं.

"टाचेमागे सैल आहे," त्या म्हणाल्या. "बोटभर. उसवा."

"आठवडा जाईल गं."

"जाऊ दे. पूल कुठे पळून जात नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग त्यांनी मोजा काढला, बोटांपाशी दडवलेलं टोक सुईने सोडवलं आणि ओढलं. मास्तरीणबाईंनी अंगावरचा कोट उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पुढे वाकून धागा हातात घेतला आणि त्याचा गोळा गुंडाळू लागल्या. चाळीस वर्षांत दोघांनी मिळून उसवलेलं ते पहिलंच काम होतं.